मेंढा बदलणारी माणसं

माझ्या मुलाची सुपारी मी फोडू दिली नाही. गावात माझी ओळख करून देताना लोक आधी हे सांगतात, आणि मग मी सेनगावला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते ते. सांगू देत. झालं ते खरं आहे, आणि तीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा तेच करीन.

आम्ही मेंढरांमागे फिरणारी माणसं. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कळप अजून आहे. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. त्या हक्कानं माझं लग्न माझ्या आत्याच्या मुलाशी झालं. आत्या हीच सासू, त्यामुळे सासरी गेले तरी गाऱ्हाणी सांगायला नवीन माणूस मिळालं नाही. नवरा भला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिला मुलगा झाला, धडधाकट. त्यानंतर आठ वर्षांनी मुलगी झाली.

थंडीतल्या लेकराला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं आणि कोवळ्या उन्हात निजवायचं, ही आमच्याकडची रीत. मीही निजवलं. संध्याकाळपर्यंत तिचे गाल लालबुंद झाले आणि दुसऱ्या दिवशी फोड आले. आत्या म्हणाली, नजर लागली. मी म्हटलं, तेल सोसलं नसेल. तेल बदललं आणि पोरीला पुन्हा उन्हात निजवलं. जीवशास्त्राची बाई मी, आणि तेल बदलत बसले होते.

दीड वर्षाची झाली तोवर तिच्या तोंडभर काळे ठिपके आले, उजेडात डोळे उघडेनात. नांदेडला नेलं, तिथून मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "उन्हानं पेशींमध्ये जी मोडतोड होते ना, ती हिच्या पेशींना दुरुस्त करता येत नाही."

हा धडा मी बारावीला कित्येक वर्षं शिकवत होते. पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल काढते. त्याचे दोन पदर सुटे होतात आणि प्रत्येक पदरासमोर त्याचा जोडीदार नव्यानं लिहिला जातो. एखादं अक्षर चुकलं, तर लिहिणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिथल्या तिथं मागे येतं, चूक खोडतं आणि बरोबर अक्षर लावतं. उन्हाचं वेगळं आहे. ऊन लागलं की शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. तुमच्या-माझ्या कातडीत हे रोज होतं. मग दुसरी विकरं येतात, बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या पदरावर बघून तो पुन्हा भरतात. आपल्याला याचा पत्ताही नसतो. मी हे सगळं रंगीत खडूनं फळ्यावर काढायचे आणि वर सांगायचे, हे हमखास विचारतात, तोंडपाठ करा.

माझ्या लेकीच्या अंगात ते कापणारं हत्यारच बनत नव्हतं. चिकटलेली अक्षरं तशीच राहायची, त्यांवरून नक्कल चुकीची निघायची, आणि चुकांवर चुका साचून एखाद्या पेशीचा कॅन्सर व्हायचा. आजवर तिच्या चेहऱ्यावरून दोन गाठी काढल्या आहेत. एक नाकाजवळची, एक पापणीखालची.

ते हत्यार बनवण्याची कृती प्रत्येकाकडे दोनदा लिहिलेली असते, एकदा आईकडून आलेली आणि एकदा बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. माझे विद्यार्थी प्रॅक्टिकलची वही एकमेकांची बघून उतरवतात. एकाच्या वहीत चूक असली तर दुसऱ्याच्या वहीत बरोबर सापडतं. पण दोघांनी एकाच वहीवरून उतरवलं असेल, तर चूकही दोघांकडे तीच. आबा आणि आत्या सख्खी भावंडं. त्यांच्या आईकडे नाहीतर बापाकडे एक बिघडलेली कृती होती. ती आबांकडून माझ्याकडे आली, आत्याकडून माझ्या नवऱ्याकडे आली, आणि दोन्ही माझ्या पोरीत एकत्र झाल्या. डॉक्टरीणबाईंनी हे मला कागदावर रेघा मारून समजावलं. तसल्याच रेघा मी वर्गात मारते, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

पोरगी आता चौदा वर्षांची आहे. अंगभर कपडे, हातमोजे, काळा चष्मा, तोंडाला रुमाल. तिच्या वर्गाच्या खिडक्यांना ऊन अडवणारी फिल्म लावून घ्यायला मी मुख्याध्यापकांशी तीन महिने भांडले. कनेरगाव नाक्यावर जीपमध्ये कुणी टक लावून बघितलं तर ती सरळ विचारते, "काहून बघून राहिले? तुमाला काही तकलीफ हाय का?" तोंडाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

आणि हे सगळं रोज डोळ्यांपुढे असताना घरच्यांनी माझ्या मुलाची सोयरीक ठरवली. कुणाशी, तर माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीशी. तो लहान असल्यापासून तिला त्याची नवरी म्हणत आलेले. माझ्या मुलात ती बिघडलेली कृती असण्याची शक्यता मोठी, भावाच्या मुलीतही असू शकते. दोघांचं रक्त तपासून घेऊ, असं मी म्हटलं. भाऊ भडकला. "माझ्या पोरीचं रक्त मुंबईला नेलं तर तिला करील कोण?" मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, मला कुणी कधी विचारलंच न्हाई, मी काय सांगू." नवऱ्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही. मी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं, आणि आत्यानं पाहुण्यांना निरोप धाडले. बाईच्या नाही म्हणण्याचं वजन आमच्याकडे एवढंच.

रविवारी दुपारी अंगणात कापड बांधून बैठक बसली. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग माघार नाही. थाळीत सुपारी, हळदकुंकू, नारळ. भावकीतला एक म्हातारा सुपारी घ्यायला वाकला, तशी मी थाळी उचलली.

"ही सुपारी फुटणार न्हाई," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. मी आबांकडे वळले. "आबा, कळपातला मेंढा दर दोन वर्षांनी काहून बदलता?"

आबांना वाटलं मला वेड लागलं. "आता हे काय मधीच?"

"सांगा ना. गेल्या साली जवळा बाजारच्या माणसाला आपला मेंढा दिला आन त्याचा घेतला. आपला तर चांगला होता."

"चांगला होता, व्हय. पण त्याच्याच लेकी आता माजावर आल्या. घरच्याघरी लागला की कोकरं कमजोर निघतात, आंधळी निघतात. कळप बसतो." बोलता बोलता आबा थांबले. त्यांच्या लक्षात आलं. म्हातारा मेंढपाळ आहे, मूर्ख नाही.

"मेंढरांचं एवढं बघता," मी म्हटलं, "आन लेकरांचं न्हाई."

बैठकीत कुजबुज सुरू झाली. माणसाला जनावराच्या पंगतीला बसवलं म्हणून दोघे उठून गेले. जाऊ दे म्हटलं. तेव्हा आत्या बोलली. ती ओरडली नाही, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

"तू तर शिकून आली होतीस माझ्या घरी. बुकांत हे सारं होतं. आमी अडाणी, आमाला ठाऊक न्हाई. तुला ठाऊक होतं. मग तुझ्या सुपारीला काहून न्हाई उचललीस थाळी?"

आत्याचं खरं होतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला नात्यातल्या लग्नांनी काय होतं तो भाग मी वाचला होता, ओळींखाली रेघा मारल्या होत्या, पेपरात लिहून चांगले मार्कही घेतले होते. त्याच उन्हाळ्यात माझी सुपारी फुटली. हे मी आजवर नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. पोरीला तर नाहीच.

"भ्याले," मी म्हटलं. "आबांना भ्याले. तुमाला वाईट वाटंल म्हणून भ्याले. ही पोरगी मला पायजेच होती, आत्या, तिची मला लाज न्हाई. पण मी गप बसले, आन चाकू तिच्या तोंडावर चालला. आता पुन्यांदा गप बसणार न्हाई. तोडायचं असंल तर नातं तोडा."

बोलून झाल्यावर मला दिसलं, पोरगी उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. चष्म्यामागचे डोळे मला दिसत नव्हते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच लेकीची भीती वाटली.

ती म्हणाली, "आई, थाळी आत आण. सुपारी मी ठिवते उचलून."

मी थाळी आत नेली.