मास्तरांनी सगळं सोडलं

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणूस जीव मुठीत धरून स्टिअरिंगला चिकटलेला आणि मास्तर शेजारच्या सीटवर, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. सगळी हयात दुसऱ्याच्या गाडीला ब्रेक लावण्यात गेली, त्यामुळे घरीही त्यांचा पाय स्वस्थ बसत नसे. त्यांच्या पत्नी पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून लोकांचे कपडे आवळून, सैल करून द्यायच्या. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण गल्लीच्या लेखी त्या मास्तरीणबाई. पुढे पुढे नुसत्या बाई.

तर एके दिवशी मास्तरांना साक्षात्कार झाला. रक्ततपासणीचा रिपोर्ट वाईट आला, डॉक्टरांनी डोळे वटारले, आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहून मास्तर हमसून हमसून रडले. आदल्याच रविवारी त्यांनी मटणाचा रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला होता, पण ते असो. "आजपासून मी व्हीगन," त्यांनी जाहीर केलं. मटण गेलं, मासे गेले, अंडी गेली. पाठोपाठ दूध, दही, लोणी गेलं. मधही गेला, मधमाश्यांवर अन्याय होतो म्हणे. शेवटी चामड्याचा पट्टा गेला आणि पँट घसरायला लागली, तेव्हा बाईंनी त्यांच्या सगळ्या पँटी कमरेत आवळून दिल्या.

चहात दूध मात्र हवंच होतं, फक्त ते जनावराचं नको. मग बदाम भिजत घाला, सोला, वाटा, फडक्यातून पिळून काढा. त्याग मास्तरांचा, वाटण बाईंचं. मास्तर पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे आणि सुस्कारा टाकायचे. "जन्माची सवय मोडायची म्हणजे काय असतं, ते तुला नाही कळायचं गं."

बाईंना नाही कळायचं! आता हसावं की रडावं? बाईंच्या माहेरी मांस कधी शिजलंच नव्हतं. लग्नाआधी त्यांनी अंडंसुद्धा हातात धरलं नव्हतं. या घरात आल्या आणि सासूबाईंनी त्यांच्या पुढ्यात अख्खी कोंबडी टाकली. "साफ कर." त्यांनी केली. हाताचा वास जाईना म्हणून साबणाची वडी झिजवली आणि मोरीत उभं राहून ओकाऱ्या काढल्या. मग खायलाही लागल्या, कारण एका घरात दोन प्रकारचा स्वयंपाक होणार नाही असं सासूबाईंचं मत होतं, आणि मास्तरांना त्या काळी मत नव्हतं. सुरुवातीचे घास त्यांनी औषधाच्या गोळ्यांसारखे पाण्याबरोबर गिळले. तेव्हा त्यांचा संयम पाहून कुणाला गहिवर आला नाही. सुनेनं घरातलं खायचं, त्यात कौतुक कसलं?

पुढे लेकीच्या वेळी दिवस राहिले आणि बाईंना नेमके रश्श्याचेच डोहाळे लागले. तिथून ते जेवण त्यांचं झालं. आता तर खाटीक त्यांच्यासाठी चांगल्या नळ्या बाजूला काढून ठेवायचा, आणि नळी चोखताना बाईंना जगात कुणाशी काही देणंघेणं नसायचं.

मास्तरांच्या त्यागाची कीर्ती चार लोकांत पसरली. इमारतीच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. रविवारी संध्याकाळी खुर्च्या भरल्या, माइक आला. "या वयात ताट बदलणं हे खायचं काम नाही," मास्तर म्हणाले. "मी हे एकट्यानं केलं. कुणाची साथ नव्हती." टाळ्या पडल्या. रात्री भिजवून पहाटे वाटलेले बदाम तिथे साक्षीला नव्हते. टाळ्यांनी चढलेले मास्तर पुढे म्हणाले, "आणि एक आनंदाची बातमी. उद्यापासून आमच्या हिनंही मांसाहार सोडायचं ठरवलं आहे. जुनी भांडीसुद्धा आम्ही काढून टाकतोय."

बातमी बाईंनाही नवीनच होती. शेजारणीनं त्यांचा हात दाबला. "नशीब काढलंत हो!" बाई हसल्या, कारण सगळे बघत होते. खरं सांगायचं तर मास्तरांनी नुसतं विचारलं असतं, तर बाईंनी सोडलंही असतं. पण ताट दोनदा बदलायचं आणि दोन्ही वेळा आपल्याला विचारणारं कुणी नाही, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्या खाटकाकडे गेल्या, मटण आणलं आणि त्याच जुन्या पातेल्यात शिजवलं. दुपारी मास्तर आले ते जिन्यातच वासानं थबकले.

"अगं, हे काय? मी काल सगळ्यांना सांगितलं ना?"

"सगळ्यांना सांगितलंत. मला विचारलं नाहीत."

"त्यात विचारायचं काय? तुझ्या भल्याचंच आहे. जड जाईल थोडं, मला अनुभव आहे. लहानपणापासूनची सवय..."

बाईंचा वाढता हात थांबला. "अहो, मी या घरात आले तेव्हा काय खात होते?"

"म्हणजे? हेच की."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. बाईंनी भांडायची सगळी तयारी केली होती, आणि आता ऐन वेळी त्यांना रडू आलं.

"आमच्या घरी कुणीच खात नव्हतं."

"काहीतरीच! तुझी आई यायची की आपल्याकडे," असं म्हणत मास्तर खुर्चीवर टेकले आणि त्यांना काहीतरी आठवलं. "ती नुसती फळं खायची, नाही का? पिशवीतून घेऊन यायची. कसलं तरी पथ्य होतं ना तिला?"

"पथ्य नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझ्या भांड्यातलं तिला खाववत नव्हतं. मला वाईट वाटू नये म्हणून पथ्य सांगायची. मरेपर्यंत लेकीच्या हातचा एक घास खाल्ला नाही तिनं."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, ताट वाढून घेतलं आणि मास्तरांच्या समोर जेवायला बसल्या.