फिल्टर काढलेली बस

औसा रोडवर आम्हा दोघा भावांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. धुराचे नियम कडक झाले आणि बीएस-सहाच्या गाड्या आल्या, तेव्हा मी पुण्याला जाऊन बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरचं काम शिकून आलो. धाकटा म्हणाला होता, "अण्णा, तू शीक. गिऱ्हाईक मी सांभाळतो."

एका सकाळी शाळेची बस आली. गाडीचा जोर गेलेला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. स्कॅनर सांगत होता, धुराची काजळी अडवणारा फिल्टर चोंदलाय. मला पटेना. इंजिन बंद असताना फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो, फरक शून्य दिसायला हवा. इथं बंद गाडीतही फरक दिसत होता. फिल्टर चांगला होता, बिघडला होता दाब मोजणारा सेन्सर.

मी बसमालकांना म्हणालो, "सेन्सर मागवावा लागंल. परवापर्यंत गाडी उभी ऱ्हाईल."

"मग लेकरं कशात आणू?" मालक वैतागले.

भाऊ पुढं झाला. "मालक, फिल्टरच काढून टाकू. गाडीचा प्रोग्राम बी बदलून देतो, दिवा लागायचा न्हाई. शाळा सुटायच्या आत गाडी रोडवर."

"अरे, चांगला फिल्टर हाय त्यो! लेकरं चढत्यात-उतरत्यात तिथं, सगळा धूर त्यांच्या नाकात जाईल."

"अण्णा, तू निस्ता तपासत बस. गिऱ्हाईक थांबत नसतंय."

मालकांनी मान डोलावली. भावानं फिल्टरचा डबा कापला, आतली जाळी फोडून काढली आणि रिकामा डबा वेल्डिंग करून परत बसवला. बाहेरून काही कळत नव्हतं. दुपारी बस जोरात निघून गेली आणि मालक जाताना भावाच्या पाठीवर थाप मारून गेले.

त्यावरून आमचं वाजलं ते वाजलंच. गॅरेजं वेगळी झाली. त्याच्याकडं आता चाकूर, जळकोटपासूनच्या पिकअप गाड्या येतात. काहीजण आधी माझ्याकडून नेमकी खराबी तपासून घेतात आणि तिकडं जाऊन फिल्टर काढून टाकतात.

पोळ्याला गावी एकत्र जेवायला बसलो, तेव्हा न राहवून मी विचारलं, "तुझी लेक त्याच फिल्टर काढलेल्या बसनं शाळेत जाती ना?"

"न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "तिला मी मोटरसायकलवर सोडायलोय."

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. इतके दिवस मी त्याला अडाणी समजून रागवत होतो. ताट तसंच ठेवून मी उठलो. आई म्हणाली, "सणाच्या दिवशी बी तुझं हेच का?"