पाठीकडून तुटलेला सेकंड गिअर

तोच गिअरबॉक्स तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर उघडा पडला होता आणि पुन्हा सेकंड गिअरचेच दात गेले होते. टेबलाच्या एका बाजूला प्राजक्ता उभी होती, दुसऱ्या बाजूला फिरोज. गाडी तिची, इंजिन त्याने बांधलेलं आणि गिअर मी केलेले. त्यामुळे आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता गिअरकडे बघत होतो.

"काका, आप्पांनी निक्षून सांगितलंय," प्राजक्ता म्हणाली. "आता परत मोडला तर गाडी विकायची. नो डिस्कशन."

"आप्पा म्हणजे वडील?"

"हो. आणि ते बोलले की करतातच."

मी जन्मभर गिअर केले. भोसरीच्या एका कारखान्यात डिझाइन खात्यात होतो. रिटायर झाल्यावर सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत माझी अडचण व्हायला लागली, तसं घरातून सूचितही करण्यात आलं. मग नऱ्ह्याला एक छोटी शेड घेतली. जे गिअर बाजारात मिळत नाहीत ते मी करून देतो. बहुतेक गिऱ्हाइकं जुन्या मशिनवाली असतात. प्राजक्तासारखी क्वचित.

प्राजक्ता धायरीची. घर शेतकऱ्याचं, पण गाव शहरात आलं आणि शेतात सोसायट्या उगवल्या. ही हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. आठवडाभर तिकडेच मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येते. तिच्याकडे एक जुनी हॅचबॅक आहे. बाहेरून बघाल तर भाजी आणायला काढतात तशी. आत मात्र फिरोजने टर्बो बसवून कंपनीने दिलेल्या ताकदीच्या तिपटीहून जास्त ताकद कोंबलेली. ही गाडी घेऊन ती ऑटोक्रॉसला उतरते. म्हणजे मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे कोन मांडतात आणि त्यांच्यामधून कमीत कमी वेळात गाडी काढायची. वळणं इतकी जवळ असतात की जवळजवळ सगळी शर्यत सेकंड गिअरमध्येच होते.

म्हणून पहिल्यांदा सेकंड गिअर मोडला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. कंपनीचा गिअर कंपनीच्या इंजिनासाठी केलेला. त्यावर तिप्पट भार टाकल्यावर तो तुटणारच. मी नवीन गिअर केला, जास्त चांगल्या पोलादाचा आणि जाड दातांचा. तो महिनाभरात मोडला. तेव्हा मात्र मला राग आला, कारण हिशेबाप्रमाणे तो मोडायला नको होता. पुन्हा केला, आणखी जाड. आता तोही समोर पडला होता.

"साहेब, स्टीलमध्ये काही लोचा?" फिरोजने विचारलं.

"स्टील मी स्वतः तपासलंय. तुझ्या इंजिनात काही लोचा?"

"इंजिन एकदम मख्खन आहे."

"मग माझंच ड्रायव्हिंग वाईट असणार," प्राजक्ता म्हणाली. "सेकंड टाकायचीच आता भीती वाटते, काका. पुढच्या इव्हेंटमधून नाव काढून घेऊ का?"

हे मला अजिबात आवडलं नाही. मी तिला एकदा मैदानावर पाहिलं होतं. ही मुलगी गाडी अशी वळवते की बघणाऱ्याने आपला चहा विसरावा. गाडी गेली असती तर दुसरी आली असती. पण आपल्याला चालवताच येत नाही असं तिच्या मनानं घेतलं असतं, तर ते दुरुस्त करायला माझ्याकडे मशिन नव्हतं.

"नाव राहू दे," मी म्हणालो. "आधी मला हे नीट बघू दे."

या वेळी एक गोष्ट चांगली झाली होती. आधीच्या दोन्ही वेळेला तुटलेले दात बाकीच्या गिअरमध्ये भरडून त्यांचा भुगा झाला होता. भुग्यातून काही कळत नाही. या वेळी मात्र खट्ट आवाज होताच प्राजक्ताने क्लच दाबला, गाडी थांबवली आणि टो करून आणली. त्यामुळे तुटलेला दात जवळजवळ अखंड मिळाला. मी तो पुसून भिंगाखाली धरला.

गिअरच्या दाताला दोन अंगं असतात. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा इंजिन चाकांना ढकलतं आणि भार दाताच्या पुढच्या अंगावर येतो. पाय काढला, गाडी उतारावर आपोआप पळायला लागली, की उलटं होतं. चाकं इंजिनाला फिरवतात आणि भार मागच्या अंगावर येतो. दात ज्या अंगाने मार खातो त्याच अंगाला मुळाशी भेग पडते. तिप्पट ताकदीने दात मोडला असता तर भेग पुढून पडायला हवी होती.

ती मागून पडली होती. पुढचं अंग आरशासारखं चकचकीत होतं.

मी भिंग खाली ठेवलं आणि मोठ्याने हसलो. दोघंही घाबरले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असावं. पण मला फार आनंद झाला होता. आम्ही इतके दिवस ज्या ताकदीला शिव्या घालत होतो तिचा यात काही संबंधच नव्हता. चाकांकडून कुणीतरी गिअरला फटके मारत होतं.

"प्राजक्ता, जोरात असताना एकदम खालच्या गिअरला येतेस का? धाडकन क्लच सोडून?"

"या क्लचवर? काका, दात पडतील. माझे."

त्या क्लचबद्दल सांगायला हवं. साध्या गाडीचा क्लच हळूहळू पकडतो. फिरोजने बसवलेला रेसिंगचा क्लच विजेच्या बटणासारखा, एक तर सुटलेला नाही तर पूर्ण पकडलेला. तो सोडताना चूक केली तर सगळा झटका थेट गिअरच्या दातांवर येतो. फिरोजने गाडीच्या कॉम्प्युटरमधला शर्यतींचा सगळा डेटा काढून बघितला. पोरीची एकही चूक सापडली नाही.

मग फटके मारत होतं कोण? उत्तर मिळेना आणि इव्हेंट जवळ येत होता. गिअर करताना मी एक जास्तीचा करून ठेवतो. तो बसवला आणि शनिवारी मी फिरोजच्या कात्रजच्या गॅरेजमध्ये असताना प्राजक्ता गाडी न्यायला आली. तिने सेल्फ मारला. गाडीने नुसतं टिकटिक केलं.

"बॅटरी बसली," फिरोज चार्जर आणत म्हणाला. "वजन वाचवायला छोटी रेसिंगची टाकलीय ना. लय नखरेल. अलार्म आणि ट्रॅकरच तिला पिऊन टाकतात. दोन-तीन दिवस उभी राहिली की संपली."

"घरी तर कधीच बसत नाही," प्राजक्ता म्हणाली. "आठवडाभर उभी असते. शुक्रवारी आले की पहिल्या सेल्फला चालू."

फिरोजने खांदे उडवले. मीही घरी निघालो. स्वारगेटच्या सिग्नलला उभा असताना ते वाक्य पुन्हा कानात वाजलं आणि सिग्नल सुटला तरी मी तिथेच. मागच्या स्कूटरवाल्याने अत्यंत आदराने विचारलं, "आजोबा, हा रंग नाही आवडला का?"

दोन-तीन दिवसांत संपणारी बॅटरी आठवडाभर टिकत नाही. म्हणजे मधल्या दिवसांत कुणीतरी गाडी चालू करत होतं. आणि बसलेल्या बॅटरीची गाडी सेल्फने चालू होत नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी, प्राजक्ता हिंजवडीला असताना, मी न सांगता धायरीला गेलो. घर शोधायला त्रास पडला नाही. आरडाओरड्यावरून सापडलं.

घरापासून रस्त्यापर्यंत चांगला उतार होता आणि गाडी तोंड खाली करून उभी होती. स्टिअरिंगवर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. मागे चौघंजण गाडीला हात लावून सज्ज. त्यांत शेजारच्या दोन बायकाही होत्या आणि सगळे अगदी खुशीत होते.

"हं, लावा जोर!" टोपीवाले ओरडले.

गाडी सुटली. उतारावर वेग धरला. मग टोपीवाल्यांनी क्लच सोडला. दण्णकन आवाज झाला, गाडी जागच्या जागी थांबल्यासारखी झाली, अख्खी हादरली आणि सिंहासारखी गुरगुरत चालू झाली. मागच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात कानांवर ठेवले, कारण त्या दणक्यात मला माझा गिअर ऐकू आला होता.

"थांबा! थांबा!" मी पळत गाडीपुढे गेलो.

टोपीवाले खाली उतरले. "कोण पायजे?"

"मी गिअरबॉक्सवाला. प्राजक्ताचा."

"आरं तिच्या! इंजिनिअर साहेब! या की, चहा घ्या. मी तिचा बाप." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, ते गिअरचं तेवढं पक्कं करा ओ. सारखं मोडतंय. पोरगी हिरमुसती."

"आप्पा, हे तुम्ही रोज करता?"

"एक दिवसाआड. गाडी उभी राहिली की गंजती. बॅटरी तर काडेपेटीयेवढी, सेल्फच घेत न्हाई. मग उतारावर लावायची, ढकलायची, सेकंड टाकून क्लच सोडायचा. देवळापर्यंत चक्कर मारून आणली की बॅटरी बी भरती. शुक्रवारी पोरगी येती तवा गाडी तयार पायजे ना."

"आणि हे कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? ट्रॅक्टर काय सेल्फवर चालू करत्यात व्हय? तीस वर्सं झाली, आपला ट्रॅक्टर उतारावरच हाय."

त्यांनी हात केला तिकडे पाहिलं. शेजारीच ट्रॅक्टर उभा होता, तोंड खाली करून. त्याचे गिअर मुठीएवढ्या दातांचे. त्याला धक्क्याने काय होणार? पण इथे तो बटणासारखा क्लच, बंद इंजिन आणि उतारावर पळणारी गाडी. प्रत्येक धक्क्याला चाकांकडून येणारा सगळा मार माझ्या गिअरच्या पाठीत. तिथे भेग पडायची, वाढत जायची, आणि शनिवार-रविवारी प्राजक्ताच्या हातात दात सुटून यायचा.

ओट्यावर चहा घेताना मी हे सगळं दोन पंजे एकमेकांत अडकवून समजावलं. आप्पांचा कप बशीतच राहिला.

"म्हंजे गिअर मी मोडलं?"

"तिन्ही."

"आन् वर मीच तिला म्हनलो, गाडी विकीन म्हनून." त्यांनी कप बाजूला सरकवला. "साहेब, पोरीला नका सांगू."

"सांगावं लागेल, आप्पा. तिला वाटतंय तिला गाडी चालवता येत नाही. स्पर्धेतून नाव काढायला निघाली होती."

आप्पा ताडकन उठले. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, मला साक्षीला ठेवायचं होतं बहुधा.

"प्राजू, ऐक. गाडी तू न्हाई मोडली. मी मोडली. ढकलून. तू चांगली चालवतीस."

मग मी बाकीचं सांगितलं. आणि ती हसायला लागली. ऑफिसात बसून इतकं हसू नये. हसता हसता तिचा आवाज ओला झाला आणि मग पुन्हा हसू. आप्पा फोनकडे बघत होते आणि टोपीच्या टोकाने डोळे पुसत होते.

"मग आप्पा," ती अखेर म्हणाली, "गाडी कधी विकायची?"

"गाडी कशाला? ती काडेपेटी विक आधी!"

गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. फिरोजने कुरकुर केली, पण त्यालाही बघायचंच होतं. आम्ही गिअर धुऊन त्यावर लाल रंगाचं पातळ औषध लावलं. डोळ्याला न दिसणाऱ्या भेगेत ते शिरतं. मग वरून पुसून पांढरी पावडर फवारायची, की भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. एका दाताच्या मुळाशी, बरोबर मागच्या अंगाला, केसासारखी लाल रेघ उमटली. फिरोजने तिचा फोटो काढला आणि आप्पांना पाठवला. ते त्यांनी मनावर घेतलं असं नंतर कळलं.

मी नवा गिअर केला, आधीच्याच मापाचा. आणखी जाड करायची काही गरज नव्हती. बॅटरी मात्र आप्पा स्वतः घेऊन आले, चांगली दणदणीत, दोन हातांनी उचलावी लागेल अशी.

"आप्पा, वजन वाढेल हो," प्राजक्ता कुरकुरली.

"मग डबा हलका खा."

इव्हेंटला आम्ही सगळे गेलो. धक्का मारणारी मंडळी, त्या दोन बायका, सगळे. प्राजक्ताची पाळी आली. पहिल्या वळणाआधी तिने सेकंड टाकला आणि गाडी जराही अडखळली नाही, हे मला लांबूनही कळलं. कोनांच्या मधून गाडी अशी गेली की आप्पा बाकावर उभे राहिले आणि शिट्टी वाजवायला लागले. ती तिसरी आली. बक्षीस घेताना तिने आप्पांना वर ओढून नेलं. तिथे त्यांना कुणीतरी विचारलं, गाडी तुम्हीच तयार करता का? आप्पा म्हणाले, "व्हय. पण आता बंद केलं."

तो गिअर अजून शाबूत आहे. मला मात्र सवय लागली आहे. गिऱ्हाईक मोडका गिअरबॉक्स घेऊन येतं आणि उत्साहाने सांगायला लागतं की इंजिन किती हॉर्सपॉवरचं, टर्बो कुठला, क्लच कुठला. मी ते सगळं ऐकून घेतो. मग विचारतो, "तुमच्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?"