टाळूवरचं तेल

अमरावतीच्या एका नवजात अतिदक्षता कक्षात शालू तायडे बावीस वर्षे परिचारिका आहेत. भातकुलीच्या माहेरी त्यांना हट्टी म्हणत. कक्षातले डॉक्टरही तेच म्हणतात, फक्त जरा आदराने.

त्या दिवशी आचलच्या मुलाचे वजन अकराशे ग्रॅम होते. नाकात दोन बारीक नळ्या, त्यांतून दाबाची हवा. बाहेर जाणाऱ्या हवेची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. पाण्यात बुडबुडे येत राहिले की समजायचे, दाब पोचतो आहे. सकाळपासून ते चौथ्यांदा थांबले. बाळाच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या.

“चारपर्यंत सुधारला नाही, तर व्हेंटिलेटर,” डॉक्टर म्हणाले. “आपले दोन्ही अडकलेत. म्हणजे नागपूर.”

तो प्रवास या जिवाला झेपायचा नाही, हे शालूताई ओळखून होत्या. त्यांनी बाटली पाहिली, जोड तपासले, हवा तोंडातून निसटते का म्हणून बाळाचे तोंड मिटवून पाहिले. तरी नळ्या नाकातून सरकतच होत्या. शेवटी नळ्या धरून ठेवणारी टोपी काढली, तर बोटे बुळबुळीत झाली. तिळाच्या तेलाचा वास आला.

आचल अजून वॉर्डात झोपून होती. तिच्याऐवजी बाळाजवळ यायची मुभा तिच्या सासूला, चांदूर बाजारच्या चतुराबाईंना होती.

“मावशी, टाळू भरली काय?”

“भरली ना, दोन थेंब. टाळू कोरडी ठेवते काय कोनी? तुमाले शाळेत नाई शिकवलं?”

“माही टाळूबी आजीनंच भरली होती. पन तेलानं टोपी सरकते, अन् टोपी सरकली का याची हवा जाते.”

चतुराबाईंचा चेहरा उतरला. “मंग मले आधी काहून नाई सांगतलं?”

“चुकलं माहं. आता कोपरापर्यंत हात धुवा अन् इथं बसा. रडाचं नाई. बुडबुडे पाहाचे, थांबले का मले आवाज द्याचा.”

“हे तं भाताचं आधण राखल्यावानी झालं.”

“तसंच समजा. उकळी मोडू द्याची नाई.”

शालूताईंनी टाळू पुसून कोरडी केली, नवी टोपी घट्ट बसवली आणि दोन तास उभ्याने बाळाची हनुवटी एका बोटावर धरून ठेवली. जेवणाचा डबा तसाच राहिला. चतुराबाईंनी दोनदा आवाज दिला. दोन्ही वेळा नळी जागेवर बसली.

चार वाजता बाळाला द्यावा लागणारा प्राणवायू साठ टक्क्यांवरून पस्तिसावर आला होता. डॉक्टरांनी फासळ्या पाहिल्या आणि नागपूरचा फोन रद्द केला.

आता आत येणाऱ्या प्रत्येक आजीला शालूताई नाव विचारायच्या आधी तेलाचे विचारतात.