मत नाही, पण ओढा आमचाही आहे

गेल्या आठवड्यातल्या ग्रामसभेला माझ्या नववीतली मुलं गेली होती... आणि गावात अजून त्याचीच चर्चा चालू आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नारायणगावच्या आसपासचं, टोमॅटो पिकवणारं कुठलंही समजा.

मी इथल्या हायस्कूलला विज्ञान शिकवते. टोमॅटोच्या बेडवर अंथरतात तो मल्चिंग पेपर तुम्ही पाहिला असेल... वरून चंदेरी, खालून काळा प्लास्टिकचा कागद. पीक निघालं की तो उपटायचा, ट्रॉलीत भरायचा आणि ओढ्यात लोटून द्यायचा, ही आमच्याकडची रीत.

गेल्या पावसाळ्यात हाच कागद रस्त्याखालच्या मोरीत अडकला. ओढा तुंबला आणि पाणी बुद्धविहारामागच्या घरांत शिरलं. त्यातलं एक घर माझ्या वर्गातल्या प्रतीक्षाचं.

पर्यावरणाच्या प्रकल्पाला विषय कोणता घ्यायचा, असं वर्गात विचारलं. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे झाडं, पक्षी, कंपोस्ट... प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, मोरी घेऊ."

घेतली! ओढा आटल्यावर, पालकांना विचारून, शनिवारी शाळा सुटली की मुलं दाताळी घेऊन ओढ्यात उतरायची. कागद चिखलात इतका रुतलेला की चौघांनी धरून ओढावं, तेव्हा कुठे एक तुकडा सुटायचा. रस्त्याच्या कडेला माणसाहून उंच ढीग लागला.

तो ढीग बघून मुलांनीच ठरवलं, आता ग्रामसभेत जायचं. ओढ्यात कागद टाकायला बंदी करा आणि तो गोळा करायला गावात एक जागा द्या, एवढंच मागणं.

लगेच फोन सुरू झाले. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, प्रकल्प वहीत झाला ना, आता पुरे करा. कोणी म्हणे, या मॅडम पोरांना राजकारणात ओढतात... संस्थेकडे तक्रार करू. म्हटलं, करा की. जलप्रदूषणाचा धडाही मीच शिकवते, तेही लिहा त्यात.

सभेत अण्णा पुढेच बसलेले. गावातले मोठे बागायतदार... त्यांचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नाही. प्रतीक्षानं बोलायला तोंड उघडलं तोच म्हणाले, "पोरी, तुमाला अजून मत न्हाई. ही सभा मतदारांची असती. आब्यास करा, जावा."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण तीच म्हणाली, "मत नाय आम्हाला, अण्णा. पण पाणी शिरायचं ते आमच्याच घरात शिरतं. माझ्या आजीला खाटेसकट उचलून विहारात न्यावं लागलं."

अण्णा जरा चपापले. पण हटणारा माणूस नव्हे. "कागद आपल्याच गावचा कशावरनं? वरनं व्हात येतोय समदा."

माना डोलल्या. सरपंचताई पुढचा विषय घ्यायला लागल्या. आटोपलं, असं मला वाटलं...

तेवढ्यात मुलांच्या घोळक्यातून सानिका उठली. अण्णांची सख्खी नात.

"अण्णा, आपला पण हाय त्यात. आपली ट्रॉली ओढ्यात रिकामी केली, तवा मी ट्रॅक्टरवरच बसले व्हते."

पोरीचे डोळे भरलेले... पण ती खाली बसली नाही. घरी गेल्यावर हिचं काय होईल, हाच विचार माझ्या मनात आला. प्रतीक्षा सरकत सरकत तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग अख्खा वर्ग उठला.

अण्णा उठले आणि निघून गेले. मग मागून एकजण म्हणाला, "माझा बी हाय राव... खोटं कशाला बोलायचं?" त्याच्यामागून दुसरा, तिसरा. ठराव झाला. दोन्ही मागण्यांसकट.

सानिका दुसऱ्या दिवशी शाळेत आली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी अण्णा तिच्याशी बोलत नव्हते. काल मात्र जेवता जेवता त्यांनी खाली मान घालूनच विचारलं म्हणे, "जागा कुठं ठरली गं?"

माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. तक्रारही गेली म्हणतात... जाऊ दे. ठराव नुसता लिहून ठेवला, तर पुढच्या ग्रामसभेतही ही मुलं उभी राहतील आणि मी त्यांच्यामागे असेन. पोरींनो, तुम्ही त्या दिवशी जे केलंत त्याचा मला फार अभिमान आहे. मागे कसं सरायचं, ते मात्र माझ्याकडून शिकायला मिळणार नाही.