धान्याच्या खोलीतलं मँडोलिन

मंडळी, नातीने माझी जुनी स्पूलची टेप मोबाईलवर उतरवून आणली, आणि आज सकाळी पन्नास वर्षांनी मी स्वतःला ऐकलं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन बेलापूरला आले होते. नगरच्या मिशनच्या शाळेत बाईंनी मला मँडोलिनवर अठराव्या शतकातलं इटालियन संगीत शिकवलं होतं. ते रेकॉर्ड करायला यांनी मित्राचा टेपरेकॉर्डर आणला. मला धान्याच्या खोलीत बसवलं, पोरं आत घुसू नयेत म्हणून बाहेरून कडी लावली आणि घरादाराला गप्प राहायला सांगितलं.

तेवढ्यात मळ्यातली मोटर बंद पडली. हे तसेच तिकडे गेले, कडी तशीच राहिली.

माझं वाजवून झालं. उन्हाळ्याची दुपार, वर पत्रा, नाकात गव्हाची धूळ. ओसरीवर मामंजी बसलेले, आणि सासऱ्यांपुढे सुनेने आवाज चढवायची रीत नव्हती. म्हणून तेच पुन्हा वाजवलं, जोरात. निदान कुणी विचारेल, झालं का म्हणून.

टेपवर मामंजी स्पष्ट ऐकू येतात. "गप बसा रे, सूनबाईचं चालू हाय अजून."

मी आणखी जोरात वाजवलं. बाहेर आणखी शांत झालं.

नात म्हणाली, "आजी, शेवटी काय जीव तोडून वाजवलंयस."

म्हटलं, "अगं, मी दार ठोठावत होते."

तुमच्या घरात कुणी फार छान वाजवत, गात, रांधत असेल, तर बाहेरून कडी नाही ना, एकदा बघाल?