म्यूट केलेल्या फिल्ममधली बाई

आमच्या घरी आईचा गिलास वेगळा होता. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, दाराजवळच्या फळीवर पालथा घातलेला. अकोल्यात जठारपेठेत ती लोकांची धुणीभांडी करायची. खोकला कळला तर कामं सुटतील, म्हणून तोंडात पदर कोंबून खोकायची. मी त्या गिलासाकडे गेले की म्हणायची, "ठके, तो माया गिलास हाये. हात नोको लावू." बस, एवढंच. दवाखान्याचं नाव तिनं कधी काढलं नाही. मी बारावीत असताना ती गेली... टीबीनं.

भूतखेत, भास, अंगात येणं — यातलं मी काही मानत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिकले ते असलं काही सांगायला नाही. तरी सांगते.

आता मी अमरावतीत, राजापेठेजवळच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. आरोग्य आणि आजार हा विषय नुसत्या पुस्तकातून पोरांच्या डोक्यावरून जातो, म्हणून डॉक्युमेंटरी दाखवते. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. आजारी माणूस घरात कुठं बसतो, त्याच्याजवळ कोण जातं — आधी बघा, मग ऐका.

त्या दुपारी धारणीकडच्या एका गावातली फिल्म लावली होती. एक कोरकू आदिवासी बाई ओट्यावर एकटी बसलेली, बाजूला तिचं वेगळं ताट. स्पीकरची वायर माझ्या टेबलावर गुंडाळून पडलेली.

"मॅडम, आवाज काहून नाही? रिचार्ज संपला का?" मागून एक जण. सगळे हसले.

तास संपल्यावर शबाना थांबली. शांत मुलगी. वडील घरीच शिलाईकाम करतात.

"मॅडम, ठकी कोण?"

मी लॅपटॉप बंद करत होते. "कुठं ऐकलंस?"

"थे बाई बोलली ना पिक्चरमधली. 'ठके, तो माया गिलास हाये, हात नोको लावू. मले दवाखान्यात ने.'" मग खाली बघत म्हणाली, "आमच्या अम्मीचाबी गिलास येगळा हाये. अब्बा म्हणतात कोणाले सांगू नोको, तुयं लग्न जमवून राह्यलो."

बाकी कोणीच काही ऐकलं नव्हतं. मी फिल्म पुन्हा पाहिली, आवाजासकट. त्या दृश्यात ती बाई तोंडच उघडत नाही. पुढं बोलते, ते कोरकूत. ठकी हे माझं घरातलं नाव अमरावतीत कोणालाच माहीत नाही. आणि ते शेवटचं वाक्य... ते आईनं जिवंतपणी कधीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शबानाच्या घरी गेले. अब्बा मशीनवरून उठले नाहीत.

"मॅडम, तुमी कॉलेजात शिकवा. घरचं आमी पाहतो."

"माझ्या आईचंही आम्ही घरीच पाहिलं, भाऊ. ती राहिली नाही."

मशीन थांबली. आतून खोकल्याचा आवाज आला. ते म्हणाले, "रिक्षा बोलाव, शबाना."

आमच्या मानसशास्त्राच्या सरांना विचारलं. म्हणाले, तुमच्याच तोंडून कधी ते नाव निघालं असेल. नाही निघालं. वाईट एवढंच वाटतं, की आई बोलली ती शबानाला ऐकू आली. मला नाही.

शबानाच्या अम्मीचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. तपासणीत आता टीबी नाही. ईदला मी त्यांच्याकडे शीरखुर्मा खाऊन आले. त्या घरात आता कोणाचाच गिलास वेगळा नाही.